त्यानं पास का दिला?

आमच्या शेजारी एक डच गृहस्थ राहतो. साठीचा, उंच, एका पायानं किंचित लंगडणारा. वर्षानुवर्षं आमचं बोलणं हवामान आणि पार्किंग यांच्यापलीकडे गेलं नव्हतं. तो तरुणपणी पगारी फुटबॉल खेळाडू होता हे मला कळलं, ते आमच्या मंडळाला प्रमुख पाहुणा मिळेना म्हणून.

मंडळ म्हणजे इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक आणि आसपासच्या मराठी घरांचं मंडळ. मी त्याची सेक्रेटरी, म्हणजे हॉल बुक करणारी, वडे कमी पडले की बोलणी खाणारी, आणि कोणी रुसलं की समजूत घालणारी. आमचा क्रीडादिन तोंडावर आला आणि बक्षिसं द्यायला येणारे कौन्सिलर आयत्या वेळी आजारी पडले. मंडळाचे अध्यक्ष हॉस्पिटलातून रिटायर झालेले डॉक्टर आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. काकांचा लगेच फोन.

"अगं, चीफ गेस्टशिवाय फंक्शन कसं करणार? बरं दिसतं का ते?"

"काका, लिंबू-चमच्याची शर्यत आहे. पाहुणे नसले तरी लिंबं पडायची ती पडतीलच."

काकांना विनोद आवडला नाही. मी फोन ठेवून नवऱ्यावर चिडले, कारण चिडायला तोच समोर होता. तो शांतपणे म्हणाला, "शेजारच्याला विचार ना. फुटबॉलर होता तो. विंगर. हॉलंडमध्ये खेळला, मग इकडे आला."

"तुला कसं माहीत?"

"त्याची गाडी बंद पडली होती तेव्हा जम्प-स्टार्ट करून दिली ना मी. तेव्हा म्हणाला."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तू फुटबॉल बघतेस का कधी?"

खरं तर त्या आठवड्यात माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. विम्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या कंपनीत माझा बॉस निवृत्त होत होता आणि त्याची जागा मला देऊ केली होती. सगळा विभाग माझ्या हाताखाली, महिन्यातून एकदा मँचेस्टरच्या ऑफिसात बोर्डासमोर उभं राहायचं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मी बॉसला सांगून टाकलं होतं की ही जागा इथल्याच माझ्या मूळच्या नागपूरच्या सहकाऱ्याला द्या. तो माझ्यापेक्षा लहान, कामाला चोख, घरात दोन छोटी मुलं, नुकतंच घर घेतलेलं. त्याला जास्त गरज आहे, असं मी म्हटलं. बॉस म्हणाला, सोमवारपर्यंत विचार कर. नवरा म्हणाला, तुझं मन फार मोठं आहे. मंडळात बातमी पसरली तेव्हा दोन बायकांनी मला अक्षरशः मिठी मारली.

आणि मला मात्र आत काहीतरी टोचत राहिलं. आजवर बॉसचं प्रत्येक सादरीकरण मी तयार केलं होतं. तो बोलायचा, मी मागच्या रांगेत बसायचे. तो अडला की चिठ्ठी सरकवायचे. उत्तर मला येत असायचं, पण ते उभं राहून आपण द्यायचं, या नुसत्या कल्पनेनं पोटात गोळा यायचा. मग मी नाही म्हणत होते ते त्या दोन मुलांसाठी की या गोळ्यासाठी? सकाळी वाटायचं मुलांसाठी, संध्याकाळी वाटायचं गोळ्यासाठी, आणि जेवताना वाटायचं, काय फरक पडतो, परिणाम तर एकच.

अशा अवस्थेत मी शेजाऱ्याकडे गेले. तो लगेच हो म्हणाला. मी म्हटलं, तुझा परिचय लिहावा लागेल, जरा तुझ्या कारकिर्दीबद्दल सांग. त्यानं कॉफी केली, बिस्किटांचा डबा उघडून माझ्यासमोर धरला, मी एक घेतल्यावर झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवून दिला. आपल्याकडे पाहुण्यानं तीनदा नको म्हणेपर्यंत डबा हलत नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, पहिल्याच वेळी घेतलं, नको म्हणत बसले नाही.

त्याची कारकीर्द मला नीटशी कळलीच नाही. एका छोट्या गावात सुरुवात, मग मोठ्या क्लबनं उचललं, पण तिथे तो बहुतेक वेळ राखीव म्हणून बाकावरच. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. मग इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला एक क्लब, मग दुसरा, मग परत पहिला, मग पुन्हा गुडघा. मी मधेच विचारलं, "विंगर म्हणजे नक्की करतो काय?" त्यानं मिठाची बाटली टेबलाच्या कडेला ठेवली. "ही मी. कडेकडेनं पळायचं, समोरच्याला चुकवायचं आणि बॉल मधे टाकायचा. मधे दुसरा कोणीतरी उभा असतो. तो गोल मारतो."

"आणि तू?"

"मी परत मागे पळत येतो."

मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला. मी विचारलं, तुझी सगळ्यांत मोठी कामगिरी कुठली? म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, अरे, असं कसं? काहीतरी असेलच.  मग त्यानं शेवटच्या मॅचची गोष्ट सांगितली. ती जिंकली नाही तर क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होता. बरोबरी चालू, वेळ संपत आलेली, आणि बॉल त्याच्या पायात. गोलकीपर पुढे आलेला, जाळं जवळजवळ उघडं. त्यानं मारला नाही. त्यानं मधल्या स्ट्रायकरला, म्हणजे गोल मारणाऱ्याला, पास दिला. स्ट्रायकरच्या अंगावर दोन जण होते, बॉल निसटला, मॅच तशीच संपली. क्लब खाली गेला. त्यानंतर तो खेळला नाही.

"पण पास का दिलास?"

त्यानं मिठाची बाटली जागेवर ठेवली. "ते मी तुमच्या लोकांना शनिवारी सांगेन. चालेल ना?"

चालेल काय, धावेल, म्हटलं मी. पाहुण्यानं दोन शब्द बोलायचे असतातच.

आता परिचय. आपल्या समारंभात पाहुण्याचा परिचय ही साधी गोष्ट नसते हे मराठी वाचकाला सांगायला नको. पाहुणा समोर मान खाली घालून बसणार आणि आपण त्याला चढवत चढवत माळ्यावर नेऊन ठेवणार. मी मसुदा काकांना पाठवला. काकांनी 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' घातलं.

"काका, तो देशाकडून कधी खेळला नाही."

"दोन देशांत खेळला की नाही? मग आंतरराष्ट्रीयच झाला."

मी ते तसंच ठेवलं. शेवटच्या मॅचचा भाग मात्र माझा. पासचं कारण पाहुणा शनिवारी सांगणार होता, पण परिचयात पास आला आणि कारण आलं नाही तर गोष्ट अर्धवट वाटली असती. म्हणून कारण मीच लिहिलं. समोर उघडं जाळं, आयुष्यभराची कीर्ती एका लाथेच्या अंतरावर, आणि तरीही या माणसानं ती संधी आपल्या सहकाऱ्याला दिली. त्याग म्हणतात तो हाच. लिहिता लिहिता माझे डोळे भरून आले. ते त्याच्यासाठी भरले होते की स्वतःसाठी, हे मला तेव्हाही कळलं नाही.

शनिवारी शाळेचा हॉल गच्च भरला. पोत्याच्या शर्यतीत काका पडले, उठले, आणि मी पडलोच नाही म्हणून भांडले. मग समारंभ. काकांनी पाहुण्याला शाल घातली, हातात नारळ दिला. त्यानं शाल गळ्याभोवती मफलरसारखी गुंडाळून घेतली, फुटबॉल बघायला येणारे लोक क्लबची मफलर घालतात तशी. मुलं हसली. मी परिचय वाचला. आमच्या पुढच्या पिढीला मराठी अर्धवटच कळतं, म्हणून तो इंग्रजीतच लिहिला होता. त्यामुळे त्यालाही शब्दन् शब्द कळत होता. 'त्याग' हा शब्द मी जरा जोर देऊन वाचला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो उठला. माइकपाशी गेला.

"थँक्यू. मी आंतरराष्ट्रीय नाही," तो म्हणाला. लोक कौतुकानं हसले. "मी मोठ्या क्लबमध्ये बाकावर बसलो होतो. मी चांगला खेळाडू होतो, फार चांगला नव्हतो." पुन्हा हशा, थोड्या टाळ्या. मग हातातला नारळ खुर्चीवर ठेवून आला. "आणि तो पास मी त्याग म्हणून दिला नाही. मी घाबरलो होतो. माझ्याकडून चुकेल म्हणून मी बॉल दुसऱ्याला दिला. तो मोकळा नव्हता. हे मला दिसत होतं."

 पुढच्या रांगेतून काका मोठ्यानं म्हणाले, "वा! याला म्हणतात नम्रता!"

टाळ्या सुरू झाल्या. त्यानं हात वर केला. "नाही, ऐका. मी खरंच घाबरलो होतो. त्या क्लबमधल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या." टाळ्या वाढल्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "एवढा मोठा माणूस आणि किती डाउन टु अर्थ बघ. नाहीतर आपले लोक!" मागच्या रांगेतला एक जण उभा राहिला, मग त्याच्याबरोबर सगळेच. तो जितकं नाही म्हणे, तितके हे वाजवत. एखाद्याला पाण्यातून बाहेर यायचंय आणि काठावरचे लोक त्याच्या पोहण्याचं कौतुक करताहेत, तसं काहीतरी चाललं होतं.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. दुसरा माइक माझ्या हातात होता. अहो, तो खरंच सांगतोय, त्याचं ऐका, एवढं म्हणायचं होतं मला. तो माझ्याकडे बघत होता. मला बोलता आलं नाही. एवढ्या लोकांसमोर काकांना खोटं पाडायचं? आणि खरं सांगू का, मला क्षणभर वाटलं की हे लोक म्हणतात तेच बरोबर असेल, त्याला स्वतःलाच कळत नसेल. तो खुर्चीवर जाऊन बसला. मग त्यानं एकेका मुलाशी हात मिळवून सगळी बक्षिसं दिली, वडा खाल्ला आणि चालत घरी गेला.

रविवारी दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. तो कुंपणापाशी आला.

"ते टाळ्या का वाजवत होते?"

मी समजावायला लागले. म्हटलं, आमच्याकडे ज्याचा सत्कार होतो त्यानं असंच म्हणायचं असतं, की मी काही मोठा नाही, माझी लायकी नाही. लोकांना ते आवडतं.

"आणि ज्याची खरंच लायकी नसते तो काय म्हणतो?"

"तोही हेच म्हणतो."

"मग लोकांना कळतं कसं?"

 इतकी वर्षं सत्कार बघते आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. म्हटलं, "कळत नाही."

त्याला राग आला होता, पण तो ओरडला नाही. म्हणाला, क्लबच्या जुन्या लोकांना त्यानं हे कितीदा तरी सांगायचा प्रयत्न केला. ते त्याच्या हातात ग्लास देतात आणि म्हणतात, सोड रे, तू टीमसाठीच केलंस. त्याला वाटलं, इथे आपल्याला कोणी ओळखत नाही, दया दाखवायचं कोणाला कारण नाही, इथे एकदा बोलून टाकावं. "तुमचे लोक तर त्यांच्याहून वाईट निघाले," तो म्हणाला. मला हसू आलं. त्याला आलं नाही.

"पण तुला इतकी खात्री कशी की ती भीतीच होती?" मी जरा चिडूनच विचारलं. "दोन्ही असेल. थोडी भीती, थोडं चांगुलपण."

"मी मारलेला बॉल बाहेर गेला असता तर ती चूक माझी असती. ती मला माझी नको होती. यात चांगुलपण कुठे आहे?"

मी ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकला आणि माझ्याही नकळत त्याला सगळं सांगितलं. देऊ केलेली जागा, नागपूरचा सहकारी, त्याची दोन मुलं, त्याचं घर. मी मंडळातल्या बायकांना सांगितलं होतं तसंच सांगितलं, तितकंच छान. त्यानं ऐकून घेतलं.

"त्याला हवी आहे का ती नोकरी?"

 मी त्याला विचारलंच नव्हतं. बॉसला सांगितलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं, मंडळात सांगितलं होतं. ज्याला द्यायची त्यालाच विचारलं नव्हतं. इतकी लाज वाटली मला की मी टॉवेल पुन्हा पिळायला लागले.

"मला भीती वाटते," मी म्हटलं. मोठ्यानं हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणत होते.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "हो," तो म्हणाला, "दिसतंय." आणि गॅसवर बटाटे आहेत म्हणून आत गेला.

छे, तू कशाला घाबरशील, असं तो म्हणाला नाही. तेवढ्यानं मला रडू कोसळलं. वाईट वाटून नव्हे. कोणीतरी माझं म्हणणं जसंच्या तसं घेतलं होतं, म्हणून.

सोमवारी सकाळी मी नागपूरच्या सहकाऱ्याला फोन केला. तो आधी घाबरलाच, म्हणाला, "मॅडम, काही इशू झालाय का?" मी विचारलं, बॉसची जागा दिली तर घेशील का?  तो म्हणाला, "ऑनेस्टली सांगू का, मॅडम? मला नकोय. मुलं लहान आहेत, मँचेस्टरच्या चकरा मला जमणार नाहीत. तुम्ही रेकमेंड केलंय म्हणून कळलं, तेव्हापासून झोप नाहीये मला. नाही कसं म्हणू तुम्हाला?"

ज्या मुलांसाठी मी एवढी उदार झाले होते, त्यांच्याच बापाची मी झोप उडवली होती. मी त्याची माफी मागितली. तो बिचारा उलट म्हणत राहिला, नाही मॅडम, तुमचा मोठेपणा आहे. मी त्याच्यावर ओरडले, "मोठेपणा नाही रे! घाबरले होते मी!" तर म्हणतो, "काय मॅडम, तुम्ही पण!"

मग बॉसला फोन केला. म्हटलं, मी घेते जागा, पण मला फार भीती वाटते हे तुला माहीत असू दे. तो अस्सल इंग्रज. "ओह, यू विल बी ब्रिलियंट," म्हणाला, आणि मँचेस्टरच्या ऑफिसला गाडी कुठे लावायची ते सांगायला लागला.

संध्याकाळी नवऱ्यानं पेढ्यांसाठी दूध आटवायला घेतलं. माझ्या आईला फोनवर सांगत होता की हिनं बेधडक हो म्हटलं. मी नाही नाही म्हणत होते, पण कढईच्या आणि आईच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार? मी मागच्या दारानं बाहेर गेले. शेजारी गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन वाफ्यातलं तण काढत होता.

"घेतली," मी म्हटलं.

"चांगलं."

"चांगलं काही नाही. मी काही धीट झाले नाही. त्याला नको होती. मग द्यायला कोणी उरलंच नाही, म्हणून घेतली. गोळा आहे तिथेच आहे."

तो मान हलवून पुन्हा तण उपटायला लागला. मग त्याचा हात थांबला. तो तसाच, मातीत एक हात ठेवून, कितीतरी वेळ बसून राहिला. मला वाटलं गुडघा धरला.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "त्या दिवशी तो स्ट्रायकर तिथे नसता, तर मीही मारला असता."

"मारला असतास."

"घाबरलेला असूनसुद्धा."

"मग काय. दुसरं काय करणार होतास?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. "मग भीतीमुळे दिला, असं मी सांगत आलो ते? का नुसता तो तिथे दिसला म्हणून दिला? विंगरला मधे माणूस दिसला की तो देतोच. लहानपणापासून तेवढंच शिकवलेलं असतं." त्यानं हातातलं तण बादलीत टाकलं, परत बाहेर काढलं आणि त्याच्याकडे बघत बसला. "आता मला काहीच कळत नाही."

उभं आयुष्य ज्या एका गोष्टीची त्याला खात्री होती, तीही मी घालवली होती. मला फार वाईट वाटलं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून शब्द शोधले, आणि जे सुचले ते सगळे काकांचेच होते. म्हणून मी गप्प बसले.

"मलाही नाही कळत," शेवटी मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. त्यानं माझ्यावर लगेच विश्वास ठेवला.